सातमासी बाळ, सीआरपी आणि अँटिबायोटिक: रिपोर्टावर किती विसंबायचं?

खाजनबांध (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, थेट प्रश्नावर येतो. बहिणीला तिसावा आठवडा चालू असतानाच बाळंतपण झालं. मुलगी, वजन साडेबाराशे ग्रॅम. सध्या उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळात एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे. नाव घेत नाही. तक्रार नाही, माणसं चांगली आहेत.

घोळ असा आहे. जन्मल्यावर पहिला सीआरपी (संसर्ग असला की रक्तात वाढतो तो आकडा) ३ आला, दुसऱ्या दिवशी १८. अँटिबायोटिक चालूच होतं. मग कल्चर (रक्तातले जंतू उगवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं, बाळ छान हातपाय हलवत होतं, डॉक्टरांनी औषध बंद केलं. आम्ही शांतादुर्गेला नारळ ठेवून आलो. मधले दिवस बरे गेले आणि काल पहाटे पोरीचा श्वास मधेच थांबायला लागला, नळीतून दिलेलं दूध पचेना. सीआरपी केला तर ४. म्हणजे नॉर्मल! तरी डॉक्टरांनी तिथल्या तिथे अँटिबायोटिक चालू केलं, तेही आधीपेक्षा भारी.

आता सांगा, १८ असताना बंद आणि ४ असताना चालू. मग ही तपासणी करतात कशाला? सरळ हो की नाही सांगेल अशी एखादी रक्ततपासणी निघाली नाही का अजून? भावोजींच्या ऑफिसातले म्हणतात प्रोकॅल्सिटोनिन करून घ्या, शेजारचे म्हणतात इंटरल्यूकिन. मी कॉमर्सवाला, मला ताळेबंद जुळलेला लागतो.

---

अबोली | सोमवार, रात्री ९.५२

काळजी घ्या. माझा थोरलाही सातमासीच. आता बारावीला आहे आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटतो. बहिणीला सांगा, दूध काढत राहा, थांबवू नको. बाकी जाणकार सांगतीलच.

---

रोखठोक_डिचोली | सोमवार, रात्री १०.०५

तपासणी करतात कशाला? बिल करायला. आमच्या पुतण्याच्या वेळी एका खासगी ठिकाणी रोज सकाळी सीआरपी. आज वाढला, उद्या उतरला, परवा परत वाढला. शेअर बाजार बघतोय असं वाटायचं. निर्णय मात्र डॉक्टर "बाळाकडे बघून" घ्यायचे. मग बाळाकडेच बघा ना, टाचेला सुया कशाला टोचता?

---

फेणी_काजू | सोमवार, रात्री १०.११

रोखठोकराव, शेअर बाजारात निदान डीमॅट आपल्या नावावर असतं.

---

सेंट्रिफ्यूज | सोमवार, रात्री १०.३०

लॅबमध्ये काम करतो म्हणून दोन गोष्टी.

धागाकर्ते, आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. एकाचा १८ म्हणजे दुसऱ्याचा १.८. नवजात बाळात मर्यादा साधारण १० मिलिग्रॅम प्रति लिटर धरतात, म्हणजेच १ प्रति डेसिलिटर. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून नातेवाईक घाबरलेले मी नेहमी बघतो. "काल १.२ होता, आज ११ कसा?" अहो, तो तेवढाच आहे, उलट थोडा उतरलाय.

दुसरं, टाचेतून रक्त काढण्याबद्दल. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अंदाजे ९० मिली रक्त असतं. आपल्या चहाच्या कपापेक्षाही कमी. त्यातलं एक मिली काढणं म्हणजे शंभरातला एक भाग काढणं. त्यामुळे सिस्टर लोक थेंब मोजून देतात आणि आम्ही जपून वापरतो. टाच गार असली की थेंब येत नाही, मग दाबतात, दाबलं की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि नमुना परत मागवावा लागतो. म्हणून टाच आधी कोमट कपड्याने शेकायची. फुकट सुई टोचायची हौस कोणाला नसते.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०.४४

आमच्या आजीचं म्हणणं, सातमासी जगतं पण आठमासी जगत नाही. त्यात काही तथ्य असावं का?

---

काचपेटी | सोमवार, रात्री ११.२०

मास्तर, अजिबात नाही. पोटात जितके जास्त दिवस तितकं बाळ सुरक्षित. आठव्या महिन्याचं सातव्यापेक्षा कधीही बरं. ही समजूत ग्रीक वैद्यांच्या काळापासून चालत आलीय, तुमच्या आजीचा दोष नाही.

खाजनबांध, मी नवजात शिशूंचीच डॉक्टर आहे. तुमच्या भाचीची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे तिच्या उपचारावर बोलणार नाही. पण १८ आणि ४ चं कोडं सुटण्यासारखं आहे.

सीआरपी जंतू दाखवत नाही. जंतू शिरले की शरीरातल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप सोडतात, तो यकृतापर्यंत जातो आणि मग यकृत सीआरपी बनवायला लागतं. त्याला सहा ते बारा तास लागतात, आकडा चांगला वर जायला एक-दोन दिवस. पहाटे श्वास अडला आणि तासाभरात रक्त घेतलं, तर ४ येणारच. यकृतापर्यंत अजून बातमीच गेलेली नाही. त्यात इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं यकृतही कच्चं, त्याचा प्रतिसाद पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा मंद आणि कमी. त्या ४ वर विश्वास ठेवून थांबणं परवडत नाही. अशा बाळात सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, काही तासांत हाताबाहेर जातो.

आता १८. जन्मल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत सीआरपी वाढायला जंतूच लागतात असं नाही. पाणमोट आधीच फुटली असेल, आईला ताप असेल, बाळंतपण अवघड गेलं असेल, बाळाने पोटात शी केलेलं पाणी ओढून घेतलं असेल, तरी वाढतो. बाळ टवटवीत, कल्चर निगेटिव्ह आणि आकडा पुन्हा उतरतोय, असं असेल तर औषध बंद करणं बरोबर. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची सूचना आहे की सुरुवातीला एक सीआरपी, मग १८ ते २४ तासांनी दुसरा, आणि ३६ तासांत कल्चर कोरं असेल, बाळ बरं असेल, सीआरपीचा कल धीर देणारा असेल, तर अँटिबायोटिक थांबवायचा विचार करा.

म्हणजे हा आकडा चालू करायला कमी आणि बंद करायला जास्त उपयोगी.

---

पर्वरी_कोडर | सोमवार, रात्री ११.३१

शेवटचं वाक्य चिकटवून ठेवण्यासारखं. वाचनखूण साठवली.

---

रोखठोक_डिचोली | सोमवार, रात्री ११.४८

डॉक्टरबाई, मग पहिल्या तासाला तो ४ वाला सीआरपी केलाच कशाला? येणार नाही हे माहीत असताना?

---

काचपेटी | मंगळवार, सकाळी ७.१५

प्रश्न रास्त आहे. तुलनेसाठी. उद्याचा ३० आला तर तो चारावरून गेला की पंचविसावरून, हे कळायला हवं. आणि कल्चरसाठी सुई टोचलेलीच असते, त्याच रक्तातले दोन थेंब पुरतात. रोज सकाळी नेमाने करायचं मात्र कारण नाही, तिथे मी तुमच्या बाजूने.

---

रातपाळी | मंगळवार, सकाळी ८.०२

नुकतीच ड्यूटी संपवून घरी आले, पाव आणायला पोदेराची वाट बघतेय, तोवर लिहिते.

रोखठोकदादा, "बाळाकडे बघून" म्हणजे काय ते तुम्हाला कोणी दाखवलं नाही बहुतेक. रात्री तीनला मी हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावते, मग तळपायाला. दोन्ही कोमट तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, आधी तापमान सांभाळायचं. पण पेटीचं तापमान बरोबर आहे, टोपी-मोजे आहेत आणि तरी पाय गारच, तर मी छातीच्या हाडावर बोट दाबते. दाबल्यावर पांढरा ठिपका पडतो. बोट उचलून मोजायचं. तो तीन सेकंदांपेक्षा जास्त पांढरा राहिला, कातडीवर जाळीसारखे डाग दिसले, दूध मागे आलं, किंवा कालपर्यंत डायपर बदलताना रडणारं बाळ आज नुसतं पडून राहिलं, तर मी डॉक्टरांना उठवते. रिपोर्ट त्यानंतर.

नवीन मुली विचारतात, सिस्टर काय सांगू फोनवर? मी म्हणते, सांग "बाळ बरं दिसत नाही". चांगले डॉक्टर तेवढ्यावर येतात.

---

अबोली | मंगळवार, सकाळी ८.२०

रातपाळी ताई, नमस्कार तुम्हाला. आमच्या वेळची सिस्टर अशीच होती. देव बरें करूं.

---

फेणी_काजू | मंगळवार, सकाळी ९.०५

एकंदरीत सीआरपी म्हणजे देवळातला कौल. उजवी पाकळी पडली तर थांबा, डावी पडली तर औषध, आणि कुठलीच पडली नाही तर भटजी म्हणणार उद्या या.

---

काचपेटी | मंगळवार, सकाळी ९.४०

फेणी_काजू, हसले. फरक इतकाच की या पाकळ्या किती वेळा चुकतात ते मोजलेलं आहे. जन्मानंतर काही दिवसांनी होणाऱ्या संसर्गात सुरुवातीचा एकच सीआरपी किती कामाचा, याचे अभ्यास २०२० साली एकत्र करून पाहिले गेले. खरा संसर्ग असलेल्या १०० बाळांपैकी ६२ पकडली गेली. संसर्ग नसलेल्या १०० पैकी ७४ बरोबर सुटली. आता हजार संशयित बाळं घ्या आणि त्यातल्या दोनशेंना खरंच सेप्सिस आहे असं धरा. निव्वळ सीआरपीवर गेलात तर ७६ आजारी बाळं नजरेतून सुटतील आणि २०८ निरोगी बाळांना उगाच औषध मिळेल. खाजनबांध, हा तुमचा ताळेबंद. जुळत नाही.

---

खाजनबांध | मंगळवार, सकाळी १०.१०

७६! हे वाचून त्या ४ वर नाचलो नाही हे बरंच झालं म्हणायचं. मग प्रोकॅल्सिटोनिनने जुळतो का?

---

पर्वरी_कोडर | मंगळवार, सकाळी १०.२५

मी यावर थोडं वाचलंय. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि झेक प्रजासत्ताकातल्या १८ इस्पितळांत १७१० बाळांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटात प्रोकॅल्सिटोनिन बघून अँटिबायोटिक बंद केलं, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. सरासरी ६५ तासांवरून ५५ तासांवर आलं. म्हणजे चालतंय!

---

काचपेटी | मंगळवार, दुपारी १.५०

चालतंय, पण कोणात? त्या चाचणीत ३४ आठवडे किंवा त्याहून मोठी बाळं होती. ही भाची तिसाव्या आठवड्याची. शिवाय तिथेही प्रश्न औषध कधी थांबवायचं हाच होता.

प्रोकॅल्सिटोनिनची मोठी जमेची बाजू वेग. दोन ते चार तासांत वाढायला लागतं, सीआरपीच्या खूप आधी. पण निरोगी नवजात बाळातही ते जन्मानंतर आपोआप वाढतं, साधारण चोविसाव्या तासाला शिखर गाठतं आणि मग उतरतं. मोठ्या माणसात जो आकडा बघून आयसीयूत धावपळ होईल, तो एका दिवसाच्या ठणठणीत बाळात सहज दिसतो. म्हणून तासांप्रमाणे वेगळा तक्ता लावायला लागतो, आणि दिवस न भरलेल्या बाळांचा तक्ता पुन्हा निराळा. रिपोर्टावर छापलेली "नॉर्मल" मर्यादा मोठ्यांची असते. तिच्याकडे बघून घाबरू नका.

मात्र पहिले तीन-चार दिवस गेले की ही अडचण उरत नाही. उशिरा होणाऱ्या सेप्सिसमध्ये, म्हणजे तुमच्या भाचीसारख्या प्रसंगात, ते सीआरपीपेक्षा लवकर इशारा देऊ शकतं. हो की नाही मात्र तेही सांगत नाही.

इंटरल्यूकिन-६ सगळ्यांत आधी वाढतं, कारण निरोप तोच. पण ते लवकर ओसरतं. चोवीस तासांत खाली येतं. उशिरा रक्त घेतलंत तर गाडी निघून गेलेली. जर्मनीत बऱ्याच युनिट्समध्ये ते सीआरपीच्या जोडीने करतात: एक लवकर येतो, दुसरा टिकतो. आपल्याकडे रात्री दोनला ही तपासणी तासाभरात करून देणारी लॅब जवळ नसेल, तर तिचा फायदाच संपला.

---

मोती_तळे | मंगळवार, दुपारी २.३०

हाच मुद्दा. आम्ही सावंतवाडीचे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी इकडची अवघड बाळं बांबोळीला गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेज) येतात. वाटेत १०८ मध्ये तास-दीड तास जातो. त्या तासात कुठला इंटरल्यूकिन आणि कुठलं काय. बाळाला ऊब देऊन, साखर तपासून, पहिला डोस देऊन पाठवणारा डॉक्टर भेटला तर नशीब.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ३.०५

अवांतर: गोमेकॉचं मूळ १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. पणजीची जुनी इमारत आता...

---

फेणी_काजू | मंगळवार, दुपारी ३.०८

मास्तर, चित्रपट महोत्सवावर जायच्या आधी थांबा. धागा भलतीकडेच जाईल.

---

पेट्रीडिश | मंगळवार, सायंकाळी ५.४५

सूक्ष्मजीवशास्त्रात आयुष्य गेलं, आता फोंड्याला निवृत्त. थोडं कडू बोलतो.

या सगळ्या खुणांचं वेड जरा जास्तच झालंय. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, प्रीसेप्सिन, सीडी-६४, दर पाच वर्षांनी एक नवीन नाव येतं, सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत नव्वद टक्क्यांच्या वर अचूक असतं आणि मोठ्या अभ्यासात उतरतं. जंतू कोणता, हे यातली एकही सांगत नाही. ते सांगतं कल्चर. आणि कल्चर नीट घेतलंच जात नाही. बाटलीत किमान एक मिली रक्त हवं. येतं किती? थेंबभर. मग "कल्चर निगेटिव्ह". निगेटिव्ह कसलं, जंतूच बाटलीत आला नाही! कातडी नीट पुसली नसेल तर उलटं होतं: कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस उगवतो आणि बाळाला फुकट व्हँकोमायसिनसारखं भारी अँटिबायोटिक.

दिल्लीतल्या तीन इस्पितळांचा मोठा अभ्यास २०१६ साली आला. कल्चरमध्ये सगळ्यांत जास्त ॲसिनेटोबॅक्टर, २२ टक्के. मग क्लेबसिएला १७, इ-कोलाय १४. यातले बरेच नेहमीच्या औषधांना न जुमानणारे. पाश्चात्य पुस्तकांत ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस पहिल्या पानावर असतो, आपल्याकडे चित्र वेगळं. इथे जंतूचं नाव आणि कुठलं औषध चालेल हे कळणं हाच निम्मा उपचार. नवीन मार्करवर खर्च करण्यापेक्षा बेसिनचे कोपराने चालणारे नळ आणि हात पुसायला स्वच्छ कागद यांवर करा.

---

सेंट्रिफ्यूज | मंगळवार, सायंकाळी ६.१०

सर, एक मिलीला शंभर टक्के अनुमोदन.

पण जुन्या स्वस्त तपासण्यांना विसरू नका. आपल्याकडच्या सेप्सिस स्क्रीनमध्ये पाच गोष्टी असतात: एकूण पांढऱ्या पेशी पाच हजारांच्या खाली, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, कच्च्या न्यूट्रोफिलचं एकूण न्यूट्रोफिलशी प्रमाण ०.२ च्या वर, मायक्रो ईएसआर आणि सीआरपी. पाचांत दोन बिघडल्या तर स्क्रीन पॉझिटिव्ह.

मायक्रो ईएसआर मी शिकलो तेव्हा केशनळीत टाचेचं रक्त भरायचं, खालचं टोक प्लॅस्टिसिनमध्ये रोवायचं, नळी सरळ उभी आणि तासाभराने पट्टी लावून बघायचं किती मिलिमीटर खाली बसलं. बाळाच्या वयाच्या दिवसांत तीन मिळवा, तेवढं चालतं, पंधराच्या वर गेलं की शंका. वीज नको, मशीन नको.

कच्च्या पेशी मोजायला मात्र डोळा लागतो. ज्यांच्या केंद्रकाचे अजून खंड पडलेले नाहीत, सलग वाकडी पट्टी दिसते, त्या कच्च्या. एकाच स्लाइडवर मी ०.१८ म्हणेन आणि शेजारचा ०.२४. मशीन हे नीट करत नाही, त्यामुळे आता कोणी मन लावून मोजतही नाही.

---

काचपेटी | मंगळवार, रात्री ९.३०

पेट्रीडिश सर, नळ आणि कागद यांवर भांडण नाहीच. पण कल्चरला इतकं डोक्यावर घेऊ नका. आईला बाळंतपणात अँटिबायोटिक मिळालेलं असतं, ते वारेतून बाळात गेलेलं असतं, जंतू असूनही बाटलीत उगवत नाहीत. आठशे ग्रॅमच्या बाळाकडून एक मिली मागताना माझाही हात थबकतो. आणि उत्तर यायला चोवीस ते छत्तीस तास. त्या मधल्या काळात मला आंधळं राहायचं नसतं.

तुमचा मुद्दा दुसऱ्या बाजूने खरा आहे. कल्चर निगेटिव्ह, बाळ चांगलं, फक्त सीआरपी १४, म्हणून सात दिवस अँटिबायोटिक चालू ठेवलेली बाळं मी खूप पाहिलीत. त्याची किंमत असते. अगदी लहान बाळांत सुरुवातीचं लांबलेलं अँटिबायोटिक आणि नंतर आतडी सडण्याचा आजार यांचा संबंध दिसलेला आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये सरळ सांगितलं की कल्चर कोरं असताना निव्वळ रक्ताच्या आकड्यांवर औषध लांबवू नका.

---

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री ९.५५

"आंधळं राहायचं नसतं" हे मान्य. सात दिवसांबद्दल तुम्हीच माझी बाजू मांडलीत. बाकी वारेतून गेलेल्या औषधाचं कारण पहिल्या तीन दिवसांपुरतं. या धाग्यातल्या बाळाला ते लागू नाही. तिथे बाटली भरूनच द्या.

---

आजीचा_बटवा | मंगळवार, रात्री १०.१५

प्रोबायोटिक दिलं तर सेप्सिस होतच नाही असं वाचलंय. ओडिशात केलेला प्रयोग आहे. दह्याचं पाणी बोटाने चाटवलं तरी चालत असेल.

---

रातपाळी | मंगळवार, रात्री १०.१९

आजी, दह्याचं पाणी अजिबात नको!! एनआयसीयूतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय बाहेरचं काहीही चाटवू नका. मध, गुटी, जायफळ, काहीही नाही.

---

काचपेटी | मंगळवार, रात्री १०.४०

रातपाळींना दुजोरा. ओडिशाचा अभ्यास २०१७ चा, खरा आणि चांगला, पण तो खेड्यांतल्या निरोगी, जवळपास पूर्ण दिवसांच्या बाळांवर होता, आणि ठरावीक जंतू ठरावीक मात्रेत दिला होता. तिसाव्या आठवड्याच्या बाळाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

सेप्सिस टाळायचाच असेल तर कांगारू केअर. भारतासह पाच देशांत झालेली चाचणी २०२१ मध्ये आली: एक किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची बाळं, जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी, स्थिर होण्याची वाट न बघता. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, सेप्सिसचा संशयही कमी झाला.

---

पर्वरी_कोडर | मंगळवार, रात्री ११.०५

रक्तच न काढता कळवणारं काही? मॉनिटरवर हृदयाचे ठोके सतत येतच असतात. सेप्सिसच्या आधी ठोक्यांतली नैसर्गिक चलबिचल कमी होते आणि मधेच ठोके मंदावतात. अमेरिकेत त्यावरून एक गुणांक काढून पडद्यावर दाखवला. तीन हजारांवर अगदी कमी वजनाची बाळं, २०११ चा अभ्यास. ज्यांच्या पडद्यावर आकडा दिसत होता त्यांच्यात मृत्यू ८.१ टक्के, ज्यांच्यात झाकलेला होता त्यांच्यात १०.२. माझ्यासारख्याला हे जास्त पटतं. यकृत जागं होण्याची वाट बघायची नाही.

---

फेणी_काजू | मंगळवार, रात्री ११.०९

आणि वीज गेली की?

---

पर्वरी_कोडर | मंगळवार, रात्री ११.१२

मग मायक्रो ईएसआर. सेंट्रिफ्यूज दादांकडे प्लॅस्टिसिन आहे.

---

खाजनबांध | बुधवार, सायंकाळी ७.३०

ताजी बातमी. कल्चरच्या बाटलीने काल रात्री उशिरा इशारा दिला. क्लेबसिएला. औषध चालणारं निघालं, जे दिलंय तेच चालू ठेवलंय. आजचा सीआरपी ४६. प्लेटलेट्स उतरल्यात, भरायची वेळ अजून आलेली नाही. श्वास थांबणं कमी झालंय, दूध बंद आहे, सलाइनवर आहे.

काचपेटी मॅडमनी लिहिलं तसंच झालं, चाराचा शेहेचाळीस झाला. आमच्या डॉक्टरांना विचारलं की प्रोकॅल्सिटोनिन आधी केलं असतं तर फरक पडला असता का. ते म्हणाले, "मी औषध तेव्हाच चालू केलं असतं, आणखी अर्धा मिली रक्त मात्र गेलं असतं."

एक शंका उरली. आता हा ४६ रोज उतरताना बघायचा का? दहाच्या खाली आल्याशिवाय औषध बंद करायचं नाही असं काही आहे का?

---

काचपेटी | बुधवार, रात्री ८.५५

नाही. कल्चर पॉझिटिव्ह आल्यावर औषधाचे दिवस जंतू आणि संसर्गाची जागा यावर ठरतात. जंतू क्लेबसिएला आहे, तेव्हा मेंदूच्या आवरणापर्यंत गेला नाही ना हे पाठीच्या पाण्यावरून बघतात. त्याचं काय ठरलंय ते विचारा. तसं असेल तर औषध बरंच लांबतं. सीआरपी अधूनमधून पुरे. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो, तेव्हा उतरायला लागला की झरझर उतरेल. उतरायचंच नाव घेत नसेल, तर कुठे पू साठलाय का, नळीवर जंतू बसलेत का हे शोधायचं. तिथे या आकड्याचा खरा उपयोग.

प्लेटलेट्स हळू वर येतात, त्याने धीर सोडू नका.

---

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ९.१०

आणि औषध चालू असताना पुन्हा एक कल्चर घेतलं का ते विचारा. रक्त जंतूंपासून मोकळं झालंय हे दिसायला हवं. एक मिली!

---

रोखठोक_डिचोली | बुधवार, रात्री ९.२०

बाळाला लवकर बरं वाटो. बिलाचं माझं मत कायम. सरकारी इस्पितळात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि औषधं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत, खासगीत नाहीत. पुढे खर्च झेपेना तर हलवता येईल का ते विचारून ठेवा, पण बाळ स्थिर झाल्यावरच. आत्ता नाही.

---

रातपाळी | बुधवार, रात्री ९.४८

रोखठोकदादा, आज पटलं तुमचं.

खाजनबांधदादा, घरी न्यायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या, गडबडीत राहून जातात. चौथ्या आठवड्याच्या आसपास डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. आणि कानांची, कारण अमिकासिन, जेंटामायसिनसारखी औषधं ऐकण्यावर परिणाम करू शकतात. तारखा फाइलवर लिहून मागा. तोवर बहिणीला दर तीन तासांनी दूध काढून साठवायला सांगा. दूध बंद आहे ते बाळाचं, आईचं नाही.

---

खाजनबांध | बुधवार, रात्री १०.०२

लिहून घेतलं. पाठीच्या पाण्याचं आणि दुसऱ्या कल्चरचं उद्या सकाळच्या राउंडला विचारतो. कांगारू केअर परत कधी चालू करता येईल तेही. भावोजी म्हणतात, वडिलांनी छातीशी घेतलं तर चालतं का?

---

रातपाळी | बुधवार, रात्री १०.०६

चालतं. शर्ट पुढून उघडणारा घालायला सांगा, आणि अंगठी-घड्याळ घरी ठेवून या. हात कोपरापर्यंत धुवायचे.